व्हिसाच्या दप्तरातील मूल

मुलगी परदेशी दिली म्हणजे तिच्या सासरची वाट वकिलातीच्या दारावरून जाते, ही गोष्ट मराठी घरांना आता नवी राहिलेली नाही. लग्न होते, जावई तीन आठवड्यांची रजा संपवून न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला परत जातो आणि नवी नवरी माहेरीच राहते. अर्ज गेलेला असतो, त्याची पोच आलेली असते, पण बोलावणे येत नाही. सणवार येतात आणि जातात. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांकडून एक सल्ला हमखास मिळतो. ‘एखादे मूल होऊ द्या. मग सरकारलाही नाही म्हणता येणार नाही.’

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही असतो. आपल्या समाजात मूल झाले म्हणजे संसार रुजला असे मानण्याची रीत आहे. सासर आणि माहेर यांच्यातील लहानसहान कुरबुरी पाळण्याच्या दोरीपाशी येऊन थांबतात, हे अनेकांनी पाहिलेले असते. परंतु घरातील न्याय आणि कचेरीतील न्याय यांची मापे निराळी असतात. जे मूल घरात सर्व प्रश्नांचे उत्तर ठरते, ते सरकारी दप्तरात कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे आणि कोणत्या प्रश्नाचे नाही, हे पाहिल्यावाचून या सल्ल्याची किंमत ठरवता येत नाही. मराठी कुटुंबांचा संबंध सर्वांत अधिक अमेरिकेच्या कायद्याशी येतो. तेव्हा प्रथम त्याच कायद्याचा विचार करणे योग्य होईल.

अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी जोडीदाराला बोलवायचे, तर सरकार तीन प्रश्न विचारते. पहिला प्रश्न असा, की हे दोघे कायद्याने पतिपत्नी आहेत काय? दुसरा असा, की हा विवाह खरा आहे काय, म्हणजे संसारासाठी झाला आहे की केवळ प्रवेशासाठी? आणि तिसरा असा, की विवाह खरा असला तरी येणारी व्यक्ती प्रवेशास पात्र आहे काय, आणि तिच्या निर्वाहाची सोय झाली आहे काय? हे तीन प्रश्न एकमेकांपासून वेगळे आहेत. एकाचे उत्तर उत्तम आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप येत नाही. मुलाच्या जन्माने या तिहींपैकी मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाला साहाय्य होते. पहिल्याशी त्याचा संबंध नाही. तिसऱ्याच्या बाबतीत तर ते काही वेळा अडचणही वाढवते.

दुसरा प्रश्न इतक्या बारकाईने का विचारला जातो, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १८८२ साली अमेरिकेने चिनी मजुरांना देशाची दारे बंद केली. मात्र जो चिनी मनुष्य अमेरिकेत जन्मल्यामुळे तेथील नागरिक होता, त्याच्या चीनमधील मुलांना प्रवेश मिळू शकत असे. १९०६ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्को शहराची जन्मनोंदणीची दप्तरे भस्मसात झाली. त्यानंतर आपण येथेच जन्मलो असे सांगणारे अनेक पुढे आले, आणि त्यांचे ‘मुलगे’ म्हणून परक्यांची मुलेही चीनमधून येऊ लागली. इतिहासात या मुलांना ‘कागदी मुलगे’ असे नाव पडले. त्यांना हुडकून काढण्यासाठी १९१० पासून १९४० पर्यंत एंजल बेटावरील ठाण्यात अधिकारी तासन्‌तास प्रश्न विचारीत. गावातील घराला पायऱ्या किती, शेजारी कोण राहतो, विहीर कोणत्या बाजूला आहे, असे ते प्रश्न असत. खऱ्या मुलालाही कित्येकदा त्यांची उत्तरे देता येत नसत. मूल हाच पुरावा मानला, की मुलाचेच सोंग उभे राहते, हा धडा त्या देशाच्या प्रशासनाने तेव्हाच घेतला.

विवाहाच्या बाबतीतही असेच घडले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ च्या डिसेंबरात, परदेशी लग्न केलेल्या सैनिकांच्या बायकामुलांना अमेरिकेत येणे सुकर व्हावे म्हणून खास कायदा झाला. त्याचा आधार घेऊन काही माजी सैनिकांची पॅरिस येथे नावापुरती लग्ने लावण्यात आली. हे प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५३ साली ‘लटवॅक’ खटल्यात निकाल लागला. लग्नाचा विधी यथासांग झाला होता की नाही, हा मुद्दा न्यायालयाने गौण मानला. एकत्र संसार करण्याचा हेतूच नसेल, तर अशा विवाहाच्या आधारे प्रवेश मागणे ही सरकारची फसवणूक होय, असे त्या निकालाचे सार आहे. पुढे १९७५ च्या ‘बार्क’ खटल्यात हीच कसोटी अधिक स्पष्ट झाली. लग्न करतेवेळी उभयतांच्या मनात एकत्र आयुष्य उभे करण्याचा हेतू होता काय, एवढेच पाहावयाचे. त्यानंतरची वागणूक पाहावयाची ती त्या मूळ हेतूवर प्रकाश पडावा म्हणून.

मुलाचे महत्त्व नेमके कोठे आहे, ते या कसोटीवरून कळते. मूल लग्नानंतर जन्मते आणि कसोटी लग्नाच्या क्षणाची आहे. म्हणून मूल हे विवाहाच्या खरेपणाचे स्वयंसिद्ध प्रमाण होत नाही. ते त्या वेळच्या हेतूकडे बोट दाखवणारे एक चिन्ह ठरते. अर्थात हे चिन्ह बळकट आहे, यात शंका नाही. अमेरिकेच्या नियमांत विवाहाच्या खरेपणाचे जे पुरावे सांगितले आहेत, त्यांत संयुक्त मालकीची मालमत्ता, दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, एकत्र केलेले आर्थिक व्यवहार आणि ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रे यांच्या जोडीला उभयतांच्या अपत्याचा जन्मदाखला स्पष्टपणे नमूद आहे. बँकेत दोघांच्या नावाने खाते एका दिवसात उघडता येते. मित्राकडून प्रतिज्ञापत्रही लिहून घेता येते. मूल मात्र असे एका दिवसात उभे करता येत नाही. म्हणूनच अनुभवी अधिकारी त्याला वजन देतो.

आपल्याकडील ठरवून होणाऱ्या लग्नांत तर हे वजन विशेष जाणवते. दाखवण्याच्या कार्यक्रमात झालेली अर्ध्या तासाची भेट, महिनाभरात साखरपुडा आणि लग्न, आणि लगेच नवऱ्याचे प्रयाण, हा क्रम आपल्याला सरावाचा वाटतो. पण दीर्घ सहवासानंतर लग्न करण्याची रीत असलेल्या समाजातील अधिकाऱ्याला त्यात विचारण्याजोगे बरेच दिसते. अशा दांपत्याजवळ संयुक्त घर नसते, एकत्र खाते नसते, एकत्र भरलेला प्राप्तिकर नसतो. मग पुरावा असतो तो पतीच्या वारंवार झालेल्या भेटींचा, त्याने पाठवलेल्या पैशांचा, विम्यावर लावलेल्या पत्नीच्या नावाचा, दोन्ही घरच्या मंडळींच्या छायाचित्रांचा आणि रोजच्या बोलण्याचालण्याचा. या मांडणीत मुलाचा जन्मदाखला आला, तर बाकीच्या पुराव्यांना आधार मिळतो. मात्र एकट्या त्याच्यावर विसंबून बाकीचे कागद न जमवणे हे शहाणपणाचे नाही. मूल आहे, पण पतीची भेट नाही, पत्र नाही, खर्चाला पैसा नाही, असे चित्र दिसले, तर त्या मुलाविषयीच प्रश्न निघतात. पितृत्वाविषयी संशय उरला, तर डीएनए चाचणीची सूचनाही केली जाते.

भारतातील अशा अर्जदारांच्या मुलाखती अमेरिकेच्या मुंबईतील वकिलातीत होतात. दिल्ली, चेन्नई किंवा कोलकाता येथील मनुष्यालाही कायम वास्तव्याच्या व्हिसासाठी मुंबईलाच यावे लागते. तेथे कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या तरुणीकडे पाहून कोणाही सहृदय माणसाला वाटेल, की आता हिला नकार कोण देणार? पण त्या खिडकीमागील अधिकाऱ्यासमोर तिसरा प्रश्न अजून शिल्लक असतो, आणि पुष्कळांचे गणित चुकते ते याच ठिकाणी.

तिसऱ्या प्रश्नाचा पहिला भाग पैशाचा आहे. जोडीदाराला बोलावणाऱ्याने त्याच्या निर्वाहाचे हमीपत्र द्यावे लागते. सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के इतके त्याचे वार्षिक उत्पन्न असावे, असा सर्वसाधारण नियम आहे, आणि ही रेषा कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार चढत जाते. २०२५ सालचे आकडे घेतले, तर दोघांच्या कुटुंबासाठी २६,४३७ डॉलर आणि तिघांच्या कुटुंबासाठी ३३,३१२ डॉलर इतके उत्पन्न लागत असे. आता एक कल्पित दांपत्य घेऊ. पती न्यू जर्सीत दुकानात नोकरी करतो आणि वर्षाला ३०,००० डॉलर मिळवतो. पत्नी कोल्हापुरात आहे. दोघेच असताना त्याचे उत्पन्न नियमात बसते. मूल झाले, की तेच उत्पन्न ३,३१२ डॉलरांनी अपुरे पडते. बोलावणाऱ्याचे मूल भारतात वाढत असले, किंवा जन्मतःच अमेरिकेचे नागरिक असले, तरी कुटुंबाच्या मोजणीत ते धरले जाते. ज्या मुलाने काम सोपे व्हायचे, त्याच मुलाने हिशेबाची रेषा वर सरकवली, असा हा प्रकार होतो.

यावर उपाय नाहीत असे नाही. पुरेसे उत्पन्न असलेली आणि अमेरिकेत कायम राहणारी दुसरी एखादी व्यक्ती जामीन राहू शकते. नागरिकाने पत्नीला बोलावले असेल, तर तुटीच्या तिप्पट किमतीची मालमत्ताही दाखवता येते. वरच्या उदाहरणात ही रक्कम दहा हजार डॉलरांच्या आतच येते. परंतु हे आधी ठाऊक असले पाहिजे. मुलाखतीच्या दिवशी हा हिशेब कळला, तर प्रकरण पुन्हा महिनोन्‌महिने लांबते.

तिसऱ्या प्रश्नाचा दुसरा भाग पात्रतेचा आहे, आणि तो अधिक कठोर आहे. जी व्यक्ती पूर्वी अमेरिकेत गेली आणि मुदत संपल्यावरही तेथे बेकायदेशीरपणे राहिली, तिच्यावर १९९६ च्या कायद्याने बंदी येते. १८० दिवसांहून अधिक परंतु एक वर्षाहून कमी काळ राहून ती परत गेली, तर बंदी तीन वर्षांची असते. एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ राहिली असेल, तर ती दहा वर्षांची होते. ही बंदी माफ करून घेता येते, पण त्यासाठी अमेरिकेत हक्काने राहणाऱ्या पतीला, पत्नीला किंवा आईवडिलांना पराकाष्ठेचे हाल सोसावे लागतील, असे सिद्ध करावे लागते. या यादीत मुलाचे नाव नाही. मुलाचे हाल विचारात घेतले जातात ते केवळ त्यामुळे पतीवर किंवा पत्नीवर काय ओढवेल, एवढ्यापुरतेच. पूर्वी खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केल्याबद्दल जी बंदी येते, तिच्या माफीचीही हीच रीत आहे. आईपासून दुरावलेल्या तान्ह्या मुलाचे दुःख कायद्याला दिसत नाही असे नव्हे, पण ते बापाच्या दुःखाच्या वाटेनेच त्याच्यापर्यंत पोहोचते.

सर्वांत कठोर तरतूद खोट्या विवाहाविषयी आहे. ज्याने पूर्वी कधी केवळ प्रवेशासाठी विवाह केला, किंवा तसा कट केला, असे ठरते, त्याच्यासाठी पुढे केलेला कोणताही विनंतीअर्ज मंजूर होऊ शकत नाही. पुढचा विवाह शंभर टक्के खरा असो आणि त्या विवाहापासून मुले झालेली असोत, हा दरवाजा उघडत नाही. या बंदीला माफीचीही तरतूद नाही. शिवाय खोट्या विवाहाच्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. एखादा दलाल ‘कागदावर लग्न करा, पुढचे पुढे पाहू’ असे सांगत असेल, तर तो समोरच्या माणसाचे उरलेले सारे आयुष्य पणाला लावीत असतो.

मुलामुळे काळाची मर्यादा कमी होते, हाही असाच एक समज आहे. १९८६ च्या कायद्यानुसार अमेरिकेत प्रवेश करतेवेळी विवाहाला दोन वर्षे पुरी झालेली नसतील, तर मिळणारे वास्तव्य दोन वर्षांपुरते आणि सशर्त असते. ती मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत पतिपत्नींनी मिळून अट काढून टाकण्याचा अर्ज करावयाचा असतो. मूल झाले म्हणून या अटीतून सुटका होत नाही. अट काढण्याच्या वेळी मात्र मुलाचा जन्मदाखला पुन्हा एकदा चांगला पुरावा म्हणून उपयोगी पडतो. त्याचप्रमाणे केवळ मूल जन्मले म्हणून अर्जाचा क्रम पुढे सरकत नाही. गंभीर आजारासारखे संकट असेल, तर निकड म्हणून विनंती करता येते. परंतु बाळंतपण ही आनंदाची घटना आहे आणि कचेरीच्या रांगेत तिला स्वतंत्र जागा नाही.

आता प्रश्न येतो तो खुद्द मुलाच्या स्थितीचा. आईच्या व्हिसाच्या चिंतेत त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. पिता अमेरिकेचा नागरिक असेल, आणि मुलाच्या जन्मापूर्वी त्याने एकूण पाच वर्षे, त्यांपैकी दोन तरी वयाच्या चौदा वर्षांनंतर, अमेरिकेत प्रत्यक्ष वास्तव्य केले असेल, तर लग्नसंबंधातून भारतात जन्मलेले मूल जन्मतःच अमेरिकेचे नागरिक ठरते. वकिलातीत त्याची नोंद करून त्याचे पारपत्र काढता येते आणि त्याला व्हिसा लागतच नाही. येथे एक विचित्र प्रसंग उद्‌भवतो. तीन महिन्यांचे मूल अमेरिकेला जाण्यास मोकळे असते आणि त्याला दूध पाजणारी आई जाऊ शकत नाही. मूल नागरिक आहे म्हणून त्याने आईला बोलवावे, तर त्यासाठी त्याला वयाची एकवीस वर्षे पुरी करावी लागतात. शिवाय भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून परदेशी पारपत्र घेतलेल्या मुलाच्या भारतातील राहण्याचा आणि येथून जाण्याचा प्रश्नही आईबापांनी वेळीच समजून घेतला पाहिजे.

पिता नागरिक नसून केवळ ग्रीन कार्डधारक असेल, तर स्थिती निराळी होते. तेव्हा पत्नी आणि अविवाहित अल्पवयीन मुले एका वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभी राहतात, आणि पत्नीसाठी केलेल्या अर्जात मूल आईच्या पाठोपाठ येऊ शकते. या रांगेत असतानाच पिता नागरिक झाला, तर घरात पेढे वाटले जातात, कारण नागरिकाच्या पत्नीला ती मर्यादा लागू नसते. १९६५ च्या कायद्यापासून नागरिकाचे जोडीदार, अल्पवयीन मुले आणि आईवडील या मर्यादेच्या बाहेर आहेत. पण त्याच दिवशी मुलाचा एक आधार नाहीसा होतो. नागरिकाने पत्नीसाठी केलेल्या अर्जात मूल मागोमाग येऊ शकत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र अर्ज लागतो. हे ठाऊक नसलेल्या कुटुंबात आईचा व्हिसा तयार आणि मुलाची फाईलच नाही, अशी वेळ आलेली दिसते. हा अर्ज वेळेवर केला, तर मात्र शेवट गोड होतो. २००० सालच्या कायद्यानुसार असे मूल अठरा वर्षांच्या आत कायम वास्तव्याचा व्हिसा घेऊन नागरिक पित्याजवळ राहावयास आले, की आपोआप नागरिक बनते.

इतर देशांचा कायदा याहून काहीसा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये २०१२ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंड असावे लागे. ब्रिटिश नसलेले मूल बरोबर आणावयाचे असल्यास पहिल्या मुलामागे ३,८०० आणि पुढील प्रत्येकामागे २,४०० पौंड त्यात मिळवावे लागत. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जदारांसाठी ही मर्यादा २९,००० पौंड झाली, आणि मुलांमागची वाढ काढून टाकण्यात आली. त्याच देशात २००९ च्या कायद्याने तेथे असलेल्या मुलांच्या हिताचा विचार करण्याचे कर्तव्य सरकारवर घातले आहे, आणि ब्रिटिश मुलाला देश सोडावयास लावणे रास्त ठरत नसेल, तर आईबापांच्या बाजूने तो मुद्दा मोठा ठरतो. कॅनडात केवळ जोडीदाराला बोलावण्यासाठी साधारणतः उत्पन्नाची किमान रेषा नाही. परंतु अर्जात एखादे मूल जाहीर केले नाही, तर पुढे त्याला बोलावण्याचा हक्कच गमावण्याची पाळी येऊ शकते. म्हणजे एका देशात मुलाने खर्चाची रेषा वाढते, दुसऱ्यात त्याच्या हिताला स्वतंत्र स्थान मिळते, तर तिसऱ्यात त्याला लपवणे हाच दोष ठरतो. एका देशातील नातलगाचा अनुभव दुसऱ्या देशाच्या अर्जाला लावणे म्हणूनच धोक्याचे आहे.

मुलाच्या पुराव्याचा खरोखर उपयोग व्हावयाचा, तर तो कागदावर निर्दोष असला पाहिजे, आणि या बाबतीत मराठी घरांची एक खास अडचण आहे. आपल्या रिवाजानुसार लग्नानंतर मुलीचे मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, आणि काही घरांत तिचे पाळण्यातील नावही बदलले जाते. पारपत्रावर माहेरचे नाव, विवाहाच्या दाखल्यावर दोन्ही नावे, इस्पितळाने नोंदवलेल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर सासरचे नाव, आणि इंग्रजी वर्णरचना प्रत्येक ठिकाणी निराळी, असा मेळ बसला, की परक्या देशाच्या अधिकाऱ्याला या तीन स्त्रिया वाटतात. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची माहिती २१ दिवसांच्या आत द्यावयाची असते. त्याच वेळी आईबापांची नावे पारपत्राशी ताडून घेतली, बाळाचे नाव नोंदवून घेतले, आणि विवाहाची नोंदही महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे करून दाखला घेतला, तर पुढील अनेक खेटे वाचतात. अर्ज प्रलंबित असताना मूल झाले, तर त्याची वार्ता जन्मदाखल्यासह संबंधित कचेरीला कळवावी. मुलाखतीच्या दिवशी ती अचानक समोर येऊ नये. गर्भवती अर्जदाराच्या बाबतीत वैद्यकीय तपासणीतील छातीच्या क्ष-किरण चित्राचा प्रश्नही येतो. त्याबद्दल नेमलेल्या डॉक्टरांना आधीच सांगितले, तर गर्भाच्या संरक्षणाची काळजी घेता येते किंवा तपासणी पुढे ढकलता येते.

या विवेचनाची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. मूल नसणे हा या अर्जात दोष नाही. कोणत्याही नियमात दांपत्याला अपत्य असावे अशी अट नाही. उशिरा लग्न केलेली, पुनर्विवाह केलेली, वैद्यकीय कारणाने मूल नसलेली, किंवा एकत्र राहू लागल्यावरच मूल व्हावे असे ठरवलेली अनेक जोडपी या कसोटीला उतरतात. त्यांच्या सहजीवनाचे धागे दुसऱ्या कागदांतून दिसतात, एवढेच. मूल होत नाही म्हणून व्हिसा अडला, असा ठपका सुनेवर ठेवला जात असेल, तर त्याला कायद्याचा काडीइतकाही आधार नाही.

२०२४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मुन्योझ’ खटल्यात असा निर्णय दिला, की आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा, असा नागरिकाला घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. व्हिसा नाकारण्याच्या वकिलातीच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्याची वाट त्यामुळे अधिकच अरुंद झाली. जेथे न्यायालयाचा आधार असा तोकडा, तेथे खिडकीपाशी पोहोचण्यापूर्वी केलेली तयारी हाच अर्जदाराचा खरा आधार ठरतो. विवाह कायदेशीर आहे ना, तो खरा आहे हे चार बाजूंनी दिसते ना, उत्पन्नाचा हिशेब घरातील माणसे मोजून केला आहे ना, आणि पूर्वीच्या वास्तव्यात काही उणे असेल, तर ते लपवण्याऐवजी जाणकाराचा सल्ला घेतला आहे ना, एवढे पाहिले पाहिजे. यानंतर मूल असेल, तर त्याचा जन्मदाखला त्या दप्तरात मानाने जाईल आणि आपले काम करील.

एरवी व्हिसासाठी मूल, हा विचार दोन्ही अंगांनी आतबट्ट्याचा आहे. त्याने व्हिसाची खात्री होत नाही, आणि बाळंतपण, रात्रीची जागरणे, बाळाची पहिली पावले या साऱ्यांत एका तरुण आईला पतीवाचून दिवस काढावे लागतात. बाप ती पावले दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतो. ज्या दांपत्याला हे समजूनउमजून पत्करावयाचे असेल, त्यांनी ते अवश्य पत्करावे, कारण मुलाची ओढ वकिलातीच्या तारखांसाठी थांबत नाही. मात्र तो निर्णय त्या दोघांच्या इच्छेचा असावा, अर्जाच्या क्रमांकाचा नसावा. कचेरीला कागद लागतात आणि ते तिला पुरवावेत. मुलाला आईबाप लागतात, आणि त्याच्या जन्माचा विचार त्याच दृष्टीने व्हावा.